साधा स्विच की मॅनेज्ड? घरात एकच लॅन केबल असेल तर

घरासाठी गिगाबिट स्विच (एका लॅन केबलचे अनेक पोर्ट करणारा डबा) बघायला गेलं की दोन डबे शेजारी शेजारी दिसतात, बाहेरून सारखेच, तेवढेच पोर्ट, तोच स्पीड, आणि 'स्मार्ट मॅनेज्ड' (म्हणजे आत शिरून सेटिंग बदलता येणारा) लिहिलेल्याची किंमत साध्याच्या दुप्पट किंवा त्याहून थोडी जास्त. जास्तीचे पैसे नेमके कशाचे हा प्रश्न मलाही पडला होता. अडीच वर्षं साधा वापरला, गेल्या दिवाळीपासून मॅनेज्ड वापरतोय, म्हणून सांगतो.

आधी साध्याबद्दल, कारण त्याला नावं ठेवायला माझ्याकडे काहीच नाही. लाइट जाऊन आली की चार-पाच सेकंदांत चालू, पासवर्ड नाही, सेटिंग नाही, आई घरी एकटी असली तरी "तो काळा डबा बंद करून परत लाव" एवढं फोनवर सांगून काम होतं. माझा मॅनेज्डवाला उठायला अर्धा मिनिट तरी घेतो. राउटरला पोर्ट कमी पडतायत, टीव्ही, पीसी, प्रिंटर जोडायचेत, एवढंच असेल तर साधाच घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं अडलं ते भिंतीतल्या केबलपाशी. आमच्या फ्लॅटमधे फायबर येतो हॉलमधे, टीव्हीच्या मागे, आणि हॉल घराच्या एका टोकाला. राउटर तिथे ठेवला की मागच्या बेडरूममधे वायफाय नुसतं नावाला, म्हणून राउटर मधल्या खोलीत हवा. आता ओएनयूपासून (फायबर जिथे संपतो तो प्रोव्हायडरचा डबा) राउटरपर्यंत एक केबल लागणार आणि राउटरपासून परत हॉलमधे टीव्ही अन् कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरसाठी दुसरी. पाइपात केबल एकच. इलेक्ट्रिशियननं स्प्रिंग घालून बघितली, दुसऱ्या बेंडला अडकली ती अडकलीच, आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरून केसिंग पट्टी न्यायला घरात कुणीच तयार नव्हतं, मीसुद्धा नाही.

मग जो जुगाड बरेच जण करतात तो केला, एका केबलमधल्या तारांच्या चार जोड्या दोन-दोन अशा वाटल्या आणि दोन्ही टोकांना दोन-दोन जॅक काढले. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, त्यामुळे हे चालतं, प्लॅन १०० चा होता तोवर छान चाललं. प्लॅन २०० चा केला आणि स्पीड टेस्ट ९४ च्या वर जाईना. राउटर रीस्टार्ट केला, लॅपटॉप बदलला, प्रोव्हायडरकडे तक्रारसुद्धा केली, त्यांची लाइन बरोबर होती. ९३-९४ वर काटा थांबला की समजायचं, मधे कुठेतरी लिंक १०० वर बसलीय, कारण गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात. दर महिन्याला २०० चे पैसे आणि आकडा ९४, रोज बघून अक्षरशः डोक्यात जायचा. माझा निर्णय झाला तो एवढ्यावरच, बाकी फीचर मी नंतर वाचले.

मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन करता येतो, म्हणजे एकाच केबलमधून दोन वेगळी नेटवर्कं, प्रत्येक पॅकेटवर आपल्या नंबराची चिठ्ठी. मी हॉलमधे एक आणि खोलीत एक असे दोन लावले, केबलच्या चारही जोड्या परत एकाच जॅकमधे बसवल्या. ओएनयूची लाइन व्हीलॅन १० मधून खोलीत राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरचं इंटरनेट जिथे लागतं तो) जाते, घरचं नेटवर्क व्हीलॅन २० मधून त्याच केबलनं परत हॉलमधे टीव्हीला येतं. मधली केबल दोन्हीकडे टॅग्ड (चिठ्ठीसकट), बाकीचे पोर्ट अनटॅग्ड (चिठ्ठीशिवाय). एकाच तारेवर दोन ओझी म्हणून स्पीड अर्धा होईल अशी भीती होती, पण गिगाबिट केबल येता-जाता दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण चालते, २०० च्या प्लॅनला तर मला काही फरक जाणवला नाही. त्या रात्री पहिल्यांदा १९० च्या पुढे आकडा बघितला.

हेच दोन साधे स्विच लावून होईल का, असं मित्रानं विचारलं. प्रोव्हायडरचं पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं होणारं लॉगिन) कदाचित जुळेलही, पण मग प्रोव्हायडरची लाइन आणि घरचं नेटवर्क एकाच हौदात येतं, मधे राउटरची भिंत उरत नाही आणि आपल्या राउटरचा डीएचसीपी (घरच्या उपकरणांना आयपी पत्ते वाटणारा भाग) बाहेरच्या लाइनवर उत्तरं द्यायला लागतो. हे करू नका.

आता मॅनेज्डचा त्रास, कारण तो आहे. पहिल्या दिवशी व्हीलॅनची मेंबरशिप (कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमधे) नीट भरली पण पीव्हीआयडी (चिठ्ठीशिवाय आत आलेलं पॅकेट कुठल्या व्हीलॅनचं धरायचं तो नंबर) बदलायचा राहिला, दोन तास नेटच नाही. ही दोन खाती वेगळी आहेत, दोन्ही भरावी लागतात. मग सगळं जुळलं, दोन दिवसांनी लाइट गेली आणि आल्यावर स्विच कोराच, कारण 'अप्लाय' वेगळं आणि 'सेव्ह' वेगळं, माझ्या मॉडेलमधे तरी. आणखी एक, स्वस्तातल्या काही मॉडेलवर पोर्ट व्हीलॅन १ मधून (सुरुवातीला सगळे पोर्ट ज्यात असतात त्यातून) काढताच येत नाहीत, आणि ओएनयूचा पोर्ट तिथे राहिला तर वरची सगळी मेहनत अर्धवट. घेण्याआधी मॅन्युअलची पीडीएफ उघडून एवढं एक बघाच. ॲडमिनचा पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला.

काही जण ऑफिसातून निघालेला २४ पोर्टचा फुल मॅनेज्ड स्विच सेकंडहँड घेतात, स्वस्त मिळतो आणि शिकायला उत्तम. मी एक आठवडा ठेवून बघितला, पंख्याचा आवाज रात्री बंद दारातून ऐकू यायचा. ३० वॉट धरले तरी महिन्याला २१-२२ युनिट होतात, दोन छोट्या स्विचना मिळून त्याच्या निम्मेही लागत नसावेत. नेटवर्किंगची परीक्षा देणार असाल तर वेगळी गोष्ट.

तिसरा रस्ता म्हणजे राउटर हॉलमधेच ठेवून आत एक ॲक्सेस पॉइंट (केबलवरून नुसतं वायफाय देणारा डबा) लावायचा, मग एक केबल आणि साधा स्विच पुरतो. हा पर्याय वाईट नाही, खूप घरांत हाच बरोबर असेल. आमच्याकडे मोबाइल हॉलचा अर्धमेला सिग्नल धरून बसायचा आणि खोलीत चालत गेलं की व्हिडिओ कॉल तुटायचा, म्हणून मी तिकडून परत आलो.

तेव्हा माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. पाइपात दोन केबल असतील तर मी आजही साधाच घेईन. एकच असेल आणि प्लॅन १०० च्या वरचा असेल तर मला वाटतं मॅनेज्डचे पैसे वसूल आहेत, आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमधे टाकता येतात, चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचला लागली तर लूप पकडला जातो, हे वर मिळतं. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर) चालत असेल तर तो स्वतःच टॅग समजतो (तुमच्या मॉडेलचं बघून घ्या), मग दोनऐवजी हॉलमधे एकच स्विच लागेल. माझा राउटर त्यातला नव्हता, म्हणून मला दोन घ्यावे लागले.