कॅन्टो वापरून बघा, पण फ्रीजरची वही जवळ ठेवा

पोम्बे यीस्टवर (प्रयोगशाळेत वापरतात ते एक यीस्ट) काम करणारे पोमबेस, म्हणजे या यीस्टच्या जनुकांची ऑनलाइन माहितीपेढी, तर रोज उघडतात, पण आपल्या संशोधन पेपरमधली माहिती आपणच त्यात भरायची सोय आहे, कॅन्टो, तिच्याबद्दल आमच्या लॅबमधे कोणी बोलतच नव्हतं. फुकट आहे, अकाउंट-बिकाउंटची भानगड नाही. पबमेड (संशोधन पेपरांची ऑनलाइन सूची) मधला पेपरचा आयडी टाकायचा, पेपरचं नाव बरोबर आलंय का बघायचं, ईमेल दिला की सेशनची लिंक येते, मग अर्धवट सोडून चहाला गेलात किंवा सेशन ज्युनियरच्या गळ्यात मारलंत तरी चालतं (तशी रीतसर सोयच आहे, उगाच मला नावं ठेवू नका).

खरी मजा फिनोटाइप, म्हणजे जनुकातल्या बदलाचा पेशीवर दिसणारा परिणाम, भरताना. समजा सीडीसी२५-२२ हा म्युटंट (जनुकात बदल असलेलं यीस्ट) आहे, ३६ डिग्रीला पेशी विभागतच नाहीत, नुसत्या लांबत जातात. आपण पेपरात "वाढ नीट झाली नाही" लिहून मोकळे होतो, इथे ते खपत नाही. अ‍ॅलील (जनुकाचं रूप) कुठला, त्यात नेमकं काय बदललंय, तापमान, मीडिया (पेशी कशात वाढवल्या), पुरावा कसला, सगळं सुटं सुटं विचारतं. फिनोटाइपची टर्म टाइप करायला लागलं की खाली यादी येते, एक निवडली की व्याख्या दिसते, वर याहून नेमकी हवी का तेही विचारतं, आणि सापडलीच नाही तर नवीन सुचवता येते.

ऑन्टॉलॉजीची, म्हणजे अशा ठरलेल्या टर्म्सच्या रचनेची, सवय नसेल तर पहिला पेपर कंटाळवाणा जाणार हे धरूनच बसा. पण खरा वेळ खातात ते आपलेच जुने पेपर! स्ट्रेनचा (यीस्टच्या वाणाचा) नंबर दिलाय पण म्युटेशनचा पत्ता नाही, सरांना विचारलं तर "फ्रीजरच्या वहीत बघ" (फ्रीजरमधे ठेवलेल्या स्ट्रेनची नोंदवही).

भरलेलं थेट साइटवर जात नाही, पोमबेसचे क्युरेटर (माहितीपेढी सांभाळणारे तज्ज्ञ) आधी तपासतात, हे मला सगळ्यात आवडलं. लेखकाला प्रयोग माहीत असतो, क्युरेटरला टर्म, दोघं मिळूनच हे नीट होतं. आणि हे फक्त यीस्टवाल्यांचं खेळणं समजू नका, २०१४ ला बायोइन्फर्मेटिक्स या जर्नलमधे कॅन्टोवर पेपर आला, आता रोगजंतूंवरच्या फाय-बेस या माहितीपेढीकडेही याचीच आवृत्ती आहे.

५ पैकी ४. फक्त पेपर पबमेडवर दिसला रे दिसला की लगेच भरा, नाहीतर पोरगं पोस्टडॉकला परदेशी गेलं की एकेका अ‍ॅलीलसाठी त्याला व्हॉट्सअ‍ॅप करत बसाल.