मीटरचं माप जुन्या साखळीत बदलायचंय, पण कुठल्या साखळीत?

टेपने जमीन मोजून मीटर हातात आहेत, समोर जुना नकाशा किंवा दस्त आहे, त्यातली मापं साखळीत (जमीन मोजायची जुनी लोखंडी साखळी, तिची लांबी हेच माप) आहेत, आणि दोन्ही जुळवायचे आहेत. अशा वेळी बहुतेक जण आधी मीटरचे फूट करतात, ते राऊंड करतात, मग साखळ्या करतात, आणि शेवटी हातभर फरक आला की नकाशाला शिव्या घालतात. निवड खरं तर तीनच गोष्टींत आहे: गुंटर साखळी, शंभर फुटी इंजिनियर साखळी आणि रॉड. माझं मत आधीच सांगतो, दस्तात दुसरं काही स्पष्ट लिहिलं नसेल तर गुंटरपासून सुरू करा.

गुंटर साखळी म्हणजे ६६ फूट, त्यात १०० कड्या. इंग्लंडच्या एडमंड गुंटरने १६२० मध्ये ती आणली आणि त्या माणसाचं डोकं बघा, ६६ हा आकडा विचित्र वाटतो पण १० चौरस साखळ्या म्हणजे बरोबर १ एकर, ८० साखळ्या म्हणजे १ मैल, म्हणजे लांबी दशांशात लिहायची, गुणाकार करायचा आणि टिंब एक घर डावीकडे सरकवलं की एकर तयार. (क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, तीही हीच एक साखळी.) आजच्या हिशोबात एक कडी ०.२०११६८ मीटर. हा एकच आकडा लिहून ठेवा, बाकीचं त्यातूनच निघतं.

समजा एक बाजू ८७.४० मीटर भरली. भागलं की ४३४.४६ कड्या, म्हणजे ४ साखळ्या ३४ कड्या, जुन्या कागदावर हे ४.३४ असं दिसेल. दुसरी बाजू १२०.७० मीटर, म्हणजे जवळजवळ नेमक्या ६ साखळ्या. ४.३४ गुणिले ६ म्हणजे २६.०४ चौरस साखळ्या, २.६ एकर. कॅल्क्युलेटर नसेल तर मीटरला ५ ने गुणा आणि अर्धा टक्क्याहून जरासं जास्त, म्हणजे ०.६ टक्के कमी करा: ४३७ वजा २.६, आलं ४३४.४. शेतात उभं राहून एवढं पुरतं.

आता इंजिनियर साखळी. हिच्यातही १०० कड्याच, पण कडी एक फुटाची. त्यामुळे लांबी फुटात वाचायला सोपी, ८७.४० मीटर म्हणजे २८६.७ फूट, २ साखळ्या ८६.७ कड्या, झालं. पण एकर काढायचा तर ४३,५६० ने भागत बसा, सगळी मजा गेली. रस्ते, कालवे अशा कामांच्या कागदांसाठी ही ठीक. खरा धोका वेगळाच आहे: दोन्हींचं लिखाण दिसायला एकसारखं. ४.३४ हे गुंटरमध्ये ८७.३ मीटर आणि इंजिनियरमध्ये १३२.३ मीटर, आणि क्षेत्रफळात तर फरक जवळपास २.३ पट. म्हणून आधी एखादी न हललेली बाजू, जुना रस्ता किंवा दगडी खूण, प्रत्यक्ष मोजून बघा, दोन मिनिटांत कळतं कुठली साखळी ते. २० मीटरची मेट्रिक साखळीही असते, ती गुंटरच्या इतकी जवळ आहे की छोट्या प्लॉटवर फरक कळतच नाही, लांब हद्दीवर मात्र कळतो.

रॉड (यालाच पोल किंवा पर्च पण म्हणतात) १६.५ फुटांचा, म्हणजे नेमक्या २५ कड्या. वेगळं रूपांतर करायची गरजच नाही, ४३४.४६ ला २५ ने भागा: १७ रॉड आणि साडेनऊ कड्या. दस्तातच रॉड लिहिलेत तरच याच्या वाटेला जा. आणि पर्च हा शब्द दिसला की थांबा, कारण तो लांबीलाही वापरतात आणि चौरस रॉडलाही, शिवाय आयर्लंडचा जुना पर्च २१ फुटांचा होता. टेक्सासचे कागद असतील तर वेगळीच तऱ्हा, तिथे वारा (vara) नावाचं लांबीचं माप, म्हणजे ३३ पूर्णांक १/३ इंच.

अमेरिकन सर्व्हे फूट की आंतरराष्ट्रीय फूट यावर लोक फार डोकं खातात. फरक दहा लाखांत दोन भाग, मैलाला ३ मिलिमीटर. प्लॉटच्या बाजूसाठी सोडून द्या. वीस लाख फुटांसारखे मोठे कोऑर्डिनेट (नकाशावर जागा दाखवणारे आकडे) असतील तर मात्र तोच फरक ४ फुटांवर जातो, तिथे विचारून घ्या. सर्व्हे फूट २०२२ अखेर अधिकृतपणे बंद झालाय, पण जुने कागद काही बदललेले नाहीत.

तीन-तीन दशांश मात्र लिहू नका. कडीच २० सेंटिमीटरची, त्यात लोखंडी साखळी वापरून वापरून लांबायची. आणि एक गंमत, साखळीवर दर १० कड्यांना पितळी टॅग असायचे, टॅगवरचे दात (टोकं) मोजून ओळखायचे, पण दोन्ही टोकांकडून सारखेच, त्यामुळे ४० चा टॅग ६० चा म्हणून वाचला जायचा. तुमचं माप जुन्या आकड्यापेक्षा ४ मीटरने हुकतंय, बाकी सगळं जुळतंय, तर आधी इथे शंका घ्या.