इंग्लंडमधल्या घरात वायरिंग बदलताय? मग कोणतं सर्टिफिकेट मागायचं?

हॅरोचं घर विकताना आमचा व्यवहार तीन आठवडे एका कागदापायी अडून बसला होता. २०१९ मध्ये स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनने मुख्य बोर्डात (घरातली सगळी सर्किटं जिथून निघतात त्यात) ३२ अँपिअरचा नवा ब्रेकर बसवून इलेक्ट्रिक शेगडीसाठी वेगळी केबल ओढली. काम झाल्यावर त्याने ‘मायनर वर्क्स’चं, म्हणजे किरकोळ कामाच्या सर्टिफिकेटचं, एक पान हातात ठेवलं. मी ते फाइलला लावलं आणि निर्धास्त झालो. इथे घर विकणाऱ्याला टीए६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. १ जानेवारी २००५ नंतर घरात विजेचं काम झालं आहे का, आणि झालं असल्यास त्याचे कागद कुठे, असं त्यात सरळ विचारलेलं असतं. खरेदीदाराच्या सॉलिसिटरने आमचं पान पाहून एकच प्रश्न पाठवला : नवं सर्किट घातलंत, मग त्याची बिल्डिंग कंट्रोलकडची, म्हणजे बांधकामाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या यंत्रणेकडची, नोंद कुठे आहे?

ती नव्हतीच. आता भाच्याने स्लॉमध्ये घर घेतलं आहे आणि त्यालाही बरीच कामं काढायची आहेत. म्हणून हे सगळं नीट मांडून ठेवतो.

आपल्यापैकी बहुतेकांना या कागदांची सवय नसते. महाराष्ट्रात नवं कनेक्शन घेताना लायसन्सवाल्या काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पुढे वायरमनला बोलावून दोन पॉइंट वाढवले तर कागदाची आठवणही कोणाला होत नाही. इथे मात्र प्रत्येक बदलाचा कागद घराच्या फाइलमध्ये लागतो, आणि कोणत्या कामाला कोणता कागद, हे बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकात ठरलेलं आहे.

निवड मुख्यतः दोन सर्टिफिकेटांत असते : मायनर वर्क्स आणि ईआयसी, म्हणजे इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट. कामाचा खर्च किंवा खोल्यांची संख्या पाहून ही निवड होत नाही. बोर्डातून नवं सर्किट निघतंय का, एवढंच बघायचं. आहे त्याच सर्किटवर एखादा सॉकेट वाढवला, दिव्याचा पॉइंट काढला, स्विच या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला, तर मायनर वर्क्स पुरतं. नवा ब्रेकर लावून त्यावर नवी केबल गेली, की ईआयसी. काम एका तासाचं असलं तरी ईआयसीच. अख्खा बोर्ड, म्हणजे इथल्या भाषेत कन्झ्युमर युनिट, बदलला तर एकही जुनी केबल हलली नसली तरी ईआयसी लागतं, कारण घरातल्या प्रत्येक सर्किटचं संरक्षणच बदललेलं असतं.

दोन्ही कागदांवर सही करणारा तपासणीची जबाबदारी घेतो, पण तपासणीचा आवाका वेगळा असतो. मायनर वर्क्समध्ये फक्त बदललेल्या सर्किटचे आकडे येतात. ईआयसीसोबत तपासणीची यादी आणि चाचण्यांच्या निकालांचा तक्ता असावाच लागतो. ती पानं नसतील तर पहिल्या पानाला किंमत नाही, आणि तसं त्या नमुन्यावरच छापलेलं असतं. नव्या सर्किटला मायनर वर्क्स दिलं की आमच्यासारखी गत होते.

हे आकडे वाचायला शिका, अवघड नाही. परवा भाच्याकडे बैठकीच्या खोलीत एक सॉकेट वाढवला. झाकण लावण्याआधी इलेक्ट्रिशियन गुडघ्यावर बसून मीटरवरचे आकडे मोठ्याने वाचत होता आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. इन्सुलेशन २०० मेगओहमच्या वर आलं. किमान १ लागतो. अर्थ फॉल्ट लूप, म्हणजे बिघाड झाल्यावर करंट ज्या वाटेने परत जातो तिचा अडथळा, ०.५८ ओहम आला. ३२ अँपिअरच्या बी टाइप ब्रेकरला मर्यादा १.३७ आहे. आरसीडी, म्हणजे करंट गळायला लागताच वीज तोडणारी आणि आपल्याकडे जुनी माणसं जिला ईएलसीबी म्हणतात ती, २४ मिलिसेकंदांत पडली. हेच आकडे नंतर कागदावर आले. रकाने कोरे असतील किंवा प्रत्येक सर्किटला एकसारखाच आकडा असेल, तर तो कागद घेऊ नका. मीटर लावलाच नसण्याची शक्यता मोठी.

मायनर वर्क्सवर जुन्या वायरिंगबद्दल शेरा लिहायला जागा असते. ती रिकामी राहू देऊ नका. भाच्याच्या जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्या सर्किटमधून घेतलेला निघाला. इथल्या जुन्या घरांत हे पुष्कळ सापडतं. एक सर्किट बंद केलं तरी त्या न्यूट्रलमधून करंट येऊ शकतो आणि काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. तो शेरा कागदावर आला, म्हणून पुढच्या माणसाला कळेल.

आता बिल्डिंग कंट्रोलकडची नोंद. ही ईआयसीहून वेगळी गोष्ट आहे आणि सगळा घोळ इथेच होतो. इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांतला पार्ट पी, म्हणजे घरातल्या विजेच्या कामांचा नियम, २००५ पासून आहे. २०१३ मध्ये त्याची यादी आखूड झाली. आता नवं सर्किट, बोर्ड बदलणं आणि बाथरूममध्ये टब-शॉवरभोवतीच्या जागेतला बदल, ही घरोघरी येणारी कामं कळवावी लागतात. ही जागा टबाच्या किंवा शॉवर-ट्रेच्या कडेपासून ६० सेंटिमीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर धरतात. शॉवरचं तोंड त्याहून वर असेल तर तिथपर्यंत. तिथे जुन्याच सर्किटवर दिवा वाढवला तर कागद मायनर वर्क्सचा, पण नोंद मात्र हवी. त्याच बाथरूममध्ये, पण या जागेबाहेरच्या भिंतीवर जुन्याच सर्किटवर आरशाचा दिवा लावला तर नोंद नको. स्वयंपाकघरातला जादा सॉकेटही इंग्लंडमध्ये कळवावा लागत नाही. वेल्समध्ये नियम जास्त कडक आहेत आणि स्कॉटलंडची पद्धतच वेगळी, तेव्हा तिथल्यांनी हा हिशोब लावू नये.

एनआयसीईआयसी, नॅपिट अशा योजनांत नोंदलेला इलेक्ट्रिशियन स्वतःच काम प्रमाणित करतो आणि ३० दिवसांच्या आत कळवतो. मग बिल्डिंग रेग्युलेशन्स कम्प्लायन्स सर्टिफिकेट मिळतं. नोंदणी नसलेल्या माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर एक तर नोंदणीकृत त्रयस्थ तपासनीस नेमावा लागतो, नाहीतर काम सुरू होण्याआधी बिल्डिंग कंट्रोलला कळवून फी भरावी लागते. मजुरीत वाचलेले पैसे तिथेच जातात. म्हणून नव्या सर्किटसाठी मी नोंदणीकृत माणूसच घ्यायला सांगेन.

तिसरं नाव कानावर येतं ते ईआयसीआर. नाव जवळचं, पण हा नव्या कामाचा दाखला नव्हेच. आहे त्या वायरिंगची स्थिती सांगणारा अहवाल आहे. त्यात सी१ म्हणजे धोका समोर आहे, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी३ म्हणजे सुधारणा सुचवली आहे, आणि एफआय म्हणजे आणखी तपास हवा. घर भाड्याने देणार असाल तर इंग्लंडमध्ये सहसा दर पाच वर्षांनी तो लागतोच. जुनं घर विकत घेण्याआधी तर जरूर करून घ्या. पण ‘काम झालंय, आता ईआयसीआर देतो’ असं कोणी म्हणालं तर थांबवा. आमचा व्यवहार शेवटी ईआयसीआर आणि इन्डेम्निटी विम्यावर, म्हणजे कागद नसल्याने पुढे नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यावर, सुटला, तो खरेदीदार समजूतदार होते म्हणून. न झालेली नोंद त्याने झाली नाही.

भाच्याच्या यादीत आता गाडीच्या चार्जरचं काम उरलं आहे. बोर्डातून स्वतंत्र केबल जाणार, म्हणजे ईआयसी आणि नोंद दोन्ही. दोन कोटेशनं आली. स्वस्तातल्यावर नुसतं ‘सर्टिफिकेटसह’ लिहिलं होतं. दुसऱ्यावर ईआयसी, चाचण्यांचा तक्ता आणि पार्ट पीची नोंद अशा तीन वेगळ्या ओळी होत्या. त्याने दुसऱ्याला होकार कळवलाय, आणि शेवटचा हप्ता ईआयसी हातात पडल्यावर देईन हेही त्याच ईमेलमध्ये लिहून टाकलंय.