पिनबॉलची सेटिंग्ज: दूर नेलेले सेल की एनव्हीरॅम?

विल्यम्स कंपनीच्या डब्ल्यूपीसी या नियंत्रण-प्रणालीवर चालणाऱ्या पिनबॉल मशीनमध्ये सेटिंग्ज आणि हायस्कोर 3 एए सेलवर टिकतात. सेल गळले की हिरवट-पांढरा थर सीपीयू बोर्डाचे (मुख्य सर्किट बोर्डाचे) तांब्याचे ट्रॅक खातो. म्हणून सेल बोर्डावर ठेवूच नका.

स्वस्तातला उपाय म्हणजे 3 सेलचा होल्डर वायरने बोर्डाच्या खाली नेणे. धन-ऋण तपासा. सेल दरवर्षी बदला, तेही मशीन चालू ठेवून आणि हात जपून; बंद असताना काढले तर सेटिंग्ज पुसली जातात.

दुसरा उपाय एनव्हीरॅम, म्हणजे वीज नसतानाही माहिती टिकवणारी मेमरी चिप; तिला सेलच लागत नाहीत. मात्र ती बसवताना 28 पायांची जुनी 6264 मेमरी चिप ओढून काढली तर बोर्डाच्या भोकांतलं तांबं उपटून येतं. आधी पाय कापा, एकेक काढा, मग सॉकेट बसवून त्यात एनव्हीरॅम लावा. मशीन बंद केल्यावर घड्याळ थांबतं, एवढीच उणीव. सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तर हेच करा.