खोडरबराविना आठ महिने : डिझाईन स्केचिंगच्या वर्गाचा वापरानंतरचा अनुभव

वर्गातल्या फळ्यावर लावलेली पाटी अस्सल पुणेरी आहे : ‘येथे खोडरबर मिळणार नाही. शेजाऱ्याकडेही मागू नये.’ रविवारी सकाळी अडीच तास, शहरातल्या एका पेठेत, डिझाईन स्केचिंग. येणाऱ्यांत इंटिरियरवाले, मेकॅनिकल इंजिनियर, काही निवृत्त मंडळी आणि ‘मला सरळ रेघसुद्धा येत नाही हो’ म्हणणारे भरपूर. वर्गाचं नाव लिहीत नाही. जाहिरात वाटायला नको, आणि सांगायचं आहे ते शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. आठ महिने, पावणेदोन रीम कागद आणि अकरा बॉलपेनं संपल्यानंतरचं हे मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. इथे चित्र शिकवत नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात मडकं, कांदा आणि मागची चादर छान दिसावी लागते. डिझाईन स्केचमध्ये किटलीचा कान कुठे जोडलाय, झाकण कसं बसतं, पत्रा किती जाड आहे हे समोरच्याला अर्ध्या मिनिटात कळावं लागतं. गंमत म्हणजे शाळेत त्या परीक्षा दिलेल्यांनाच पहिला महिना जड जातो. पेन्सिलीने बारीक बारीक तुकडे जोडून रेघ काढायची, मग खोडायची, ही सवय मनगटात मुरलेली असते. म्हणूनच पेन्सिल बंद, साधं दहा रुपयांचं बॉलपेन चालू. बॉलपेन हलक्या हाताने फिकट आणि दाबलं की गडद उमटतं, त्यामुळे बांधणीच्या रेघा आणि शेवटच्या रेघा एकाच पेनात होतात. जेल पेनात ही सोय नाही, शिवाय शाई ओली असताना हात फिरला की पान गेलं.

आता विनोदाबद्दल, कारण बहुतेक लोक त्यासाठीच नाव घालतात. पुण्यात विनोद म्हणजे बहुधा समोरच्याचा पाणउतारा. इथे नियम वेगळा आहे : टिंगल रेघेची करायची, रेघ काढणाऱ्याची नाही. प्रत्येक चुकीला टोपणनाव ठरलेलं आहे. तुकड्यातुकड्यांची केसाळ रेघ म्हणजे ‘सुरवंट’. टोकाला भलतीकडे वळलेली रेघ म्हणजे ‘कोथरूडला निघाली, वारज्याला उतरली’. दोन्ही टोकांना टोकदार झालेलं लंबवर्तुळ म्हणजे ‘करंजी’, आणि मधे सपाट, कडेला गोल झालेलं म्हणजे ‘कॅप्सूल’. मागच्या बाजूला रुंद होत गेलेला खोका म्हणजे ‘सासुरवाडीहून परत आलेली बॅग’.

हे नुसतं हसवणं असतं तर दोन रविवारांत कंटाळा आला असता. पण टोपणनाव हेच निदान असतं. ‘करंजी झाली’ म्हटलं की काय बिघडलं ते लगेच कळतं : टोकं. मधला भाग नाही, अक्ष नाही, फक्त टोकं. ‘जरा बरोबर नाही वाटत’ या शेऱ्याने कधीच कोणाचं काही सुधारत नाही. शाबासकीही तितकीच नेमकी मिळते : ‘अक्ष बरोबर पडलाय, आता टोकाशी वेग कमी करू नको.’ त्यामुळे पुढच्या पानावर काय जपायचं आणि काय बदलायचं, दोन्ही हातात येतं.

पहिल्या रविवारी भीती काढण्यासाठी दोन खेळ होतात. एकात वस्तूकडे बघत, कागदाकडे अजिबात न बघता, पेन न उचलता तीन मिनिटं बाह्यरेषा काढायची. निकाल सगळ्यांचाच भयंकर येतो, म्हणून सगळे एकत्र हसतात. दुसऱ्यात जगातला सगळ्यात वाईट चहाचा कप काढायची स्पर्धा असते. मुद्दाम वाईट काढताना कप कशामुळे वाईट होतो याचा विचार करावा लागतो : कान तळाला लावला, तोंड आत वळवलं, बुड गोल केलं. म्हणजे नकळत डिझाईनचा पहिला धडा होऊन जातो.

खरं काम सरळ रेघेपासून सुरू होतं, आणि फीचे पैसे माझ्या मते इथेच वसूल होतात. साधा 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद, खाली पाच-सहा कागदांची गादी. पंधरा सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके. पेनाचं टोक कागदापासून किंचित वर ठेवून हात या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत तीन-चार वेळा नुसता न्यायचा आणायचा, आणि त्याच वेगात टोक टेकवून एकदाच रेघ ओढायची. नजर पेनाच्या टोकावर ठेवायची नाही, पोचायच्या ठिपक्यावर ठेवायची. मनगट स्थिर, कोपर अधांतरी, हालचाल खांद्यातून. मनगट म्हणजे बिजागरी आहे. तिच्याभोवती फिरलेलं टोक कंसच काढणार. तीन-चार सेंटीमीटरच्या रेघेला मनगट चालतं, त्यापुढे नाही.

रेघ थरथरते ती हात कापतो म्हणून नव्हे, हळू काढल्यामुळे आणि वाटेत दुरुस्ती केल्यामुळे. म्हणून पहिले तीन आठवडे ठिपका चुकला तरी चालतो, रेघ गुळगुळीत हवी. ठिपका पुढे ओलांडला तरी हरकत नाही. अचूकपणा नंतर येतो. उलट क्रमाने गेलं तर सुरवंट कायमचा घरात राहतो. बहुतेक उजव्या हाताच्या माणसांना डावीकडून तिरकं वर उजवीकडे जाणं सोपं जातं. मग प्रत्येक रेघेसाठी कागदच फिरवून तिला त्या दिशेत आणायचं. एवढी साधी गोष्ट, पण ‘कागद फिरवला की फसवणूक’ असं आपल्याला शाळेत कोण शिकवतं कोण जाणे. रेघ नेहमी एकाच बाजूला वाकत असेल तर टेबल उंच आहे का ते आधी बघा. खांदा वर चढलेला असला की हात मोकळा फिरत नाही.

दुसरा महिना पूर्ण लंबवर्तुळांचा, म्हणजे इलिप्सचा. वर्गात हाच भाग सगळ्यात जास्त रंगतो, कारण उदाहरणं घरचीच असतात. पेला, तांब्या, पोळपाट, रिक्षाचं चाक. सूत्र एकच : लंबवर्तुळाचा छोटा अक्ष वस्तूच्या आसावर पडतो आणि मोठा अक्ष त्याला काटकोनात. चाकाला हे लगेच पटतं. लोक गडबडतात ते ढोलाला. कमरेला बांधलेला ढोल आडवा, जरा तिरका असतो, आणि त्याची दोन्ही पानं काढताना नवशिक्या इलिप्स सरळ उभीच ठेवतो. मग ढोल पिळवटल्यासारखा दिसतो. आधी ढोलाच्या मधून आरपार जाणारी आसाची रेघ काढा, तिला काटकोनात मोठा अक्ष टाका, मग इलिप्स. हाताची हवेतली तालीम इथेही आहेच, आणि पेन टेकल्यावर न थांबता दोन फेऱ्या मारायच्या. एक फेरी मारून थांबलं की सांध्यापाशी कोपरा उरतो. तिसरी फेरी मारली की काळा रबरबँड होतो.

पेल्याची दुसरी ठरलेली चूक म्हणजे बुड सपाट काढणं. ‘टेबलावर टेकलंय म्हणून सपाट’ असं डोकं सांगतं. प्रत्यक्षात पेला डोळ्याच्या पातळीखाली असेल तर बुड पातळीपासून आणखी लांब असतं, म्हणून बुडाचं इलिप्स तोंडापेक्षा जास्त उघडं, जास्त गोल हवं. हे पटवायला जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर उत्तम आहे. आठव्या शतकातल्या त्या लेण्याच्या अंगणात नंदीचा गोल मंडप आहे, जाड चौकोनी खांबांवर उभा. अंगणात उभं राहिलं की छताची कड डोळ्यांच्या वर आणि जोतं खाली. छताच्या कडेची समोरची बाजू वरच्या दिशेने फुगते, जोत्याची खालच्या दिशेने. एका नजरेत दोन्ही दिसतं. एका वहीत पंधरा दिवस समजावूनही जे डोक्यात शिरत नाही ते तिथे दहा मिनिटांत शिरतं.

खोका तिसऱ्या महिन्यात. सगळ्यात जवळचा उभा कोपरा आधी, त्याच्या बुडापासून डावी-उजवीकडे मागे जाणाऱ्या दोन रेघा, मग वरच्या दोन, मग मागच्या. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट (मागे जाणाऱ्या रेघा लांबवर जिथे मिळतात ते बिंदू) कागदाच्या आत ठेवले की खोका जहाजाच्या नाकासारखा टोकदार होतो. तपासणी सोपी आहे : पुढच्या कोपऱ्याशी बुडाच्या दोन रेघांमधला कोन काटकोनापेक्षा लहान झाला की समजा पॉइंट फार जवळ आलेत. ते कागदाबाहेर, लांब कल्पायचे. काढून झाल्यावर लाल पेनाने मागे जाणाऱ्या रेघा वाढवून बघायच्या. त्या एकमेकींपासून लांब जात असतील तर ती सासुरवाडीची बॅग. गृहपाठ म्हणून रोज चार खोके आणि प्रत्येकाला लाल रेघांची तपासणी. कंटाळवाणं आहे. विनोदही इथे कमी पडतो, आणि गळती याच महिन्यात होते. आमच्या तुकडीतले पाच-सहा जण खोक्यात अडकले ते परत दिसले नाहीत.

रेघेच्या जाडीचा नियम एका वाक्यात : ज्या कडेच्या दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग दिसतात ती बारीक, जिच्यापलीकडे मोकळी जागा आहे ती जाड, आणि वस्तू जमिनीला टेकते तिथे सगळ्यात गडद. सावलीला तीन छटा पुरतात : कोरा कागद, मधली, काळी. गोल भांड्यात सगळ्यात काळा पट्टा अगदी कडेला देऊ नका, जरा आत द्या. कडेला बाजूच्या वस्तूंचा उजेड परत पडतो.

सरावासाठी पुण्यासारखं गाव नाही, पण क्रम सांभाळा. मंडईपासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. 1886 साली रे मार्केट म्हणून खुली झालेली ती इमारत देखणी आहे, पण मधला मनोरा अष्टकोनी. अष्टकोन पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे जवळ-लांबच्या हिशेबात, बसवायला आधी इलिप्स आणि खोका दोन्ही पक्के लागतात. पाचव्या महिन्याआधी जाऊ नका. त्याऐवजी तांबट आळीतला पाणी तापवायचा तांब्याचा बंब घ्या : उभा सिलिंडर, मधून जाणारी नळी, खाली राखेची जागा, बाजूला तोटी. सगळं शिकलेलं एका वस्तूत येतं. मठारकामाचे, म्हणजे पत्र्यावर हातोडीने दिलेले, ठोके सगळे काढत बसू नका. उजेड आणि सावलीच्या सीमेवर थोडे दाखवले की पुरे. राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्तेही फार चांगले. बिजागरी, पात्याची जाडी, मुठीची नक्षी, हे सगळं वीतभर वस्तूत. नक्षी शेवटी. आधी बिजागरी कशी फिरते ते दुसऱ्या छोट्या स्केचमध्ये उघडून दाखवा, तेव्हा ते डिझाईन स्केच होतं.

आता तक्रारी. पहिली मोठी : पहिल्या महिन्यात शाबासकी फार स्वस्त. प्रोत्साहन हवंच, पण चौथ्या रविवारी सुरवंटालाही ‘वा!’ मिळायला लागलं की नेमकेपणा जातो, आणि तोच तर या पद्धतीचा जीव आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर प्रत्येक पानाला अंगठे. तिथून काही शिकायला मिळत नाही. शिवाय फोन तिरका धरून काढलेल्या फोटोत चांगला खोकाही वाकडा दिसतो. फोटो अगदी वरून, कागदाला समांतर धरूनच काढावा. दुसरी तक्रार संख्येची. वीस-बावीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला शिक्षकांची तीन-चार मिनिटंच येतात. उपाय असा की पान दाखवताना एकच प्रश्न लिहून न्यायचा. तिसरी, माणसं आणि हात जवळजवळ शिकवतच नाहीत. वस्तू धरलेला हात काढता आला नाही तर मिक्सरचं हँडल केवढं आहे ते स्केचवरून कळणार कसं?

मार्करची घाई झाली हेही खरं. तिसऱ्याच महिन्यात अल्कोहोल मार्करचा संच घ्यायला सांगतात. तो 75 जीएसएमच्या कागदातून सरळ खाली उतरतो आणि टेबलापर्यंत जातो, कडाही पसरतात. घ्यायचेच असतील तर दोनच घ्या, एक फिकट आणि एक मध्यम राखाडी, आणि सोबत मार्कर पेपरचं छोटं पॅड. रंगीत संच सहाव्या महिन्यापर्यंत दुकानातच राहू द्या. अप्पा बळवंत चौकात सुटे मार्कर मिळतात का ते आधी विचारा.

आठ महिन्यांनंतर काय टिकलं? सरळ रेघ आणि इलिप्स पक्कं, न बघता येतं. खोका दहातले सात-आठ. प्रमाण अजून कच्चं; किटली हमखास लठ्ठ होते, कारण रुंदी-उंची न मोजता थेट आकारात उडी मारली जाते. पेन हातात लांब धरून एक डोळा मिटून मापं घेण्याचा सराव वर्गात फक्त एकदा झाला, तो दर आठवड्याला हवा होता. इंटरमिजिएट किंवा डिझाईनच्या प्रवेश परीक्षेची तयारी म्हणून हा वर्ग लावू नये; तिथे लागणारं रंगकाम आणि स्मरणचित्र इथे नाही. ऑफिसात फळ्यावर उभं राहून कल्पना समजावणाऱ्यांनी, गवंडी-सुतारांना काम सांगणाऱ्यांनी आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला घाम फुटणाऱ्यांनी जरूर लावावा.

घरी रोज वीस मिनिटं पुरतात : अर्धं पान रेघा, अर्धं पान इलिप्स, चार खोके, आणि स्वयंपाकघरातली एक वस्तू तीन बाजूंनी. पानावर तारीख टाका आणि कितीही घाण झालं तरी फाडू नका. सुधारणा महिन्यापूर्वीच्या पानाशेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. बॉलपेनच्या टोकाशी शाईचा गोळा जमतो, दर आठ-दहा रेघांनी टिश्यूला पुसा. आणि जून ते सप्टेंबर रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा लाटेसारख्या उठतात, आणि मग सुरवंट नेमका तुमचा की कागदाचा, ते ठरवणं अवघड जातं.