डीव्हीडी-व्हीसीडी कॉम्प्युटरवर उतरवल्या: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरात सिनेमा-नाटकांच्या डिस्क पडून असतील आणि घर समुद्राजवळ असेल, तर हे काम पुढच्या पावसाळ्याच्या आत उरकून घ्या. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. मी गुहागरला राहतो. उन्हाळ्यात काम हाती घेतलं, मध्ये अख्खा पावसाळा गेला, गणपतीत घर माणसांनी भरलं, आणि आता आमच्याकडे टीव्हीवर जे लागतं त्यातलं निम्मं या कॉप्यांमधूनच लागतं. सुरुवातीची हौस फिटल्यावरचं हे मत आहे.

सिनेमा-नाटकांच्या डिस्क सगळ्या विकत घेतलेल्या. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. तेव्हापासून बाबा चिपळूणला कामाला गेले की पिशवीत भाजीबरोबर एखादी डिस्क असायचीच. त्याच्याही आधीच्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी, एकेका नाटकाच्या दोन-दोन, तीन-तीन. आणि लग्न-मुंजींच्या, व्हिडिओवाल्याने राइट करून दिलेल्या डीव्हीडी. सिनेमे आज ना उद्या कुठेतरी बघायला मिळतील. नाटकांच्या त्या व्हीसीडी मी दुकानांतून आणि ऑनलाइन शोधल्या, नाही मिळाल्या. मुंजीची डिस्क तर जगात एकच.

आपल्याकडची दमट, खारी हवा डिस्कला काय करते ते बघायचं असेल तर एखादी जुनी व्हीसीडी कव्हरमधून काढा आणि पेटत्या बल्बसमोर धरा. चंदेरी थरात सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतात. तिथला ॲल्युमिनियमचा थर गेलेला असतो. सीडी आणि व्हीसीडीत हा थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो आणि त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो. म्हणून खालची बाजू आरशासारखी लखलखीत असली तरी डिस्क मेलेली असू शकते. डीव्हीडीत तोच थर प्रत्येकी ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती जास्त टिकते. आमच्याकडेही तसंच निघालं. डीव्हीडी बहुतेक सगळ्या वाचल्या, व्हीसीडींनी घाम काढला, आणि व्हिडिओवाल्याने राइट केलेल्या डिस्क दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, त्याला ऊन, उष्णता आणि ओल तिन्ही सोसत नाहीत.

डिस्कवर धरलेली बुरशी मात्र निघते. बोटावर साबणाचं पाणी घेऊन हलक्या हाताने, मधून काठाकडे सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा डेटाच्या वाटेच्या दिशेने जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह बऱ्याचदा पचवून टाकतो. नंतर मऊ सुती कापडाने टिपून पूर्ण वाळू द्यायची. पावसात हे वाळवणंच दिवसभर चालतं.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसल्याने बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर घेतला. पहिल्या दिवशी तो फिरायला लागला की बंद पडायचा. कारण साधं होतं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि मोटर उचल घेताना त्याहून जास्त मागते. यूएसबी ३ च्या पोर्टला, हबशिवाय, थेट लावला आणि तक्रार संपली. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं, ही आपल्याकडे मोठीच सोय. डीव्हीडी भरायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जूनमध्ये दिवसातून चार वेळा लाइट जात असतानाही एकही कॉपी अर्धवट राहिली नाही.

विकत घेतलेल्या डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही नावाचा प्रोग्रॅम वापरतो. या डिस्कवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, त्यामुळे डिस्कवरच्या व्हिडिओच्या (व्हीओबी) फाइली नुसत्या ओढून आणल्या की चित्र फुटतं. मेकएमकेव्ही सिनेमा जसाच्या तसा, दर्जा न घालवता, एमकेव्ही फाइलमध्ये भरतो, आणि डीव्हीडीसाठी तो फुकट आहे. एका थराची डिस्क ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ जीबीची, म्हणजे सरासरी सहा जीबी धरली तरी २ टीबीच्या हार्डडिस्कवर तीनशेच्या वर सिनेमे बसतात. जागा वाचवायला हँडब्रेक या प्रोग्रॅममधून फाइल लहान करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. हार्डडिस्क पुन्हा घेता येते, उडालेला तपशील परत येत नाही. ‘एका डिस्कवर तीन सिनेमे’ वाल्या डीव्हीडींवर तर ८.५ जीबीचे तीन वाटे आधीच झालेले असतात. त्यांच्या अंधारातल्या प्रसंगांत चौकोनच चौकोन दिसतात. त्यांना आणखी पिळू नये.

हँडब्रेक मी फक्त लग्न-मुंजींच्या व्हिडिओंसाठी ठेवलाय. ते इंटरलेस्ड असतात, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी. कोणी हात हलवला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेकमधलं डीइंटरलेसिंग लावून, गुणवत्तेचा आरएफ हा आकडा (जितका कमी तितकं चित्र चांगलं) १८ वर ठेवला की ते जातात. मूळ फाइलही शेजारी ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळ व्हीसीडींनी खाल्ला. व्हीसीडीवरचा व्हिडिओ ज्या पद्धतीने लिहितात त्यात साध्या डेटा सीडीवर असतो तो चूक सुधारण्याचा जादाचा थर नसतो. ती जागा सिनेमाला दिलेली असते. म्हणून जुना प्लेअर दोन चौकोन दाखवून पुढे जायचा, पण कॉम्प्युटर व्हिडिओची डीएटी फाइल कॉपी करताना खराब जागेशी अडतो आणि सगळीच कॉपी रद्द करतो. इथे आयसोबस्टर हा प्रोग्रॅम कामाला आला. तो न वाचता येणारा भाग ओलांडून पुढचं वाचतो. मग दोन-तीन डिस्कचे भाग एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये एकापुढे एक जोडले. चित्र ३५२ बाय २८८ चं, ते तसंच ठेवलं. ताणून मोठं करायच्या फंदात पडलो नाही. नाटकात संवाद ऐकू आला की झालं. आईने पहिल्यांदा पूर्ण नाटक सलग पाहिलं तेव्हा म्हणाली, “आता ऐन रंगात आलं की डिस्क बदलायला उठायला नको.” ती त्या नाटकाला दर वेळी तिथेच उठायची.

मुंजीची डिस्क साध्या कॉपीला दादच देत नव्हती. ड्राइव्ह वेग वाढवायचा, कट् असा आवाज करून थांबायचा, पुन्हा वेग वाढवायचा. ती लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने काढली. तो आधी सोपं सोपं उचलतो, अडलेल्या जागा एका नोंद-फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि मग त्यांच्याकडे परत वळतो. नोंद असल्याने रात्री बंद करून सकाळी तिथूनच पुढे जाता येतं, आणि मुख्य म्हणजे ड्राइव्ह बदलता येतो. मामेभावाच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने माझ्या ड्राइव्हला न वाचलेले बरेच तुकडे वाचले. आजोबा भिक्षावळीत पहिली भिक्षा घालतात तो भाग त्यातच होता. आजोबा आता नाहीत.

टीव्हीवर बघताना दोन अडचणी नक्की येतील. पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर चढतच नाही, तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, टीव्ही त्यातलं जे वाचेल ते. दुसरं म्हणजे डीव्हीडीची सबटायटल्स अक्षरं नसून चित्रं असतात आणि पुष्कळ टीव्ही ती दाखवत नाहीत. बाबांना ऐकू कमी येतं, त्यांना इंग्रजी सबटायटल्सचा आधार लागतो. म्हणून अखेर जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचं, साठवलेले सिनेमे टीव्हीवर पाठवणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते सबटायटल्स दाखवतं आणि कोण कुठवर पाहून उठलंय ते लक्षात ठेवतं. सिनेमांची पोस्टरं बहुतेक आपोआप येतात, नाटकांची मला एकेक करून हाताने भरावी लागली.

गणपतीला आलेल्या भावंडांनी पेनड्राइव्ह पुढे केले. मी नाही म्हटलं, आणि ते मनापासून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापराच्या ‘फेअर डीलिंग’ला, म्हणजे रास्त वापराला, सूट देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. माझ्या डिस्कची माझ्या घरात बघायची कॉपी ही एक गोष्ट, ती वाटत सुटणं ही दुसरी. ज्यांनी नाटकं बसवली, सिनेमे काढले, त्यांच्या पोटावर पाय देऊन मला माझा संग्रह वाचवायचा नाही. भावंडांना मूळ डिस्क बघायला दिली, बघून झाल्यावर परत घेतली. मुंजीची कॉपी मात्र सगळ्यांना दिली, ती आमचीच आहे.

मूळ डिस्क टाकून देऊ नका. मालकीचा पुरावा त्याच आहेत. मी त्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून उभ्या ठेवल्यात. पावसाळ्यात पुड्या दोनदा बदलल्या आणि नवी बुरशी धरलेली नाही. हार्डडिस्क एकावर थांबू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा तिथल्या ओळखीच्या घरांतले फोटो, कागद, कॉम्प्युटर सगळं एकाच रात्रीत गेलं. एकाच घरात दोन प्रती असून उपयोग नसतो हे तेव्हा बघितलंय. माझी दुसरी हार्डडिस्क बहिणीकडे पुण्याला असते. ती गणपतीला आणि मे महिन्यात येताना घेऊन येते, मधल्या काळातलं नवीन त्यात भरतो आणि जाताना ती परत नेते.