नाव बड्या कंपनीचं, आत भलतंच यंत्र: माझ्या सीडी रायटरचा अनुभव

2003 च्या मे महिन्यात चिपळूणहून मुंबईला गेलो, ते एकाच कामासाठी. आजीच्या ओव्यांच्या नऊ कॅसेट सीडीवर उतरवायच्या होत्या. 1987 साली मामाने तिला जात्यापाशी बसवून त्या भरून घेतल्या होत्या. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि कोकणातल्या दमट हवेने फितींवर पांढरी बुरशी धरायला लागली होती. दर पावसाळ्यानंतर आवाज आणखी खरखरायचा.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घातली. साधा सीडी रायटर, म्हणजे संगणकात बसवून कोऱ्या सीडीवर लिहिणारा ड्राइव्ह, अडीच हजारांत मिळत होता. एका दुकानदाराने मात्र आतून वेगळा खोका आणला. नावाजलेली कंपनी, 52 चा वेग, किंमत पाच हजार आठशे. "साहेब, घरातल्या आठवणी जपायच्या असतील तर साध्याच्या नादी लागू नका. यावर कसलीही ब्लँक सीडी चालते, एकही वाया जाणार नाही." मी आजीचं नाव काढलं होतं, तिथेच त्याने मला ओळखलं असणार. पैसे मोजले. शिवाय त्याच्याच सांगण्यावरून त्याच्याकडून पन्नास सुट्या, बिननावाच्या ब्लँक सीड्याही घेतल्या.

बिलावर लिहिलं होतं, "सीडी रायटर, 1 नग". कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का होता, पण सीरियल नंबरची जागा कोरी होती. हे दोन कागद मी दुकानातच नीट वाचले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं.

घरी आल्यावर ओळखीच्या एकाने ड्राइव्ह बसवून दिला. एक सीडी भरायला सहा मिनिटांच्या वर वेळ लागायचा. सीडीचा 1 चा वेग म्हणजे सेकंदाला 150 किलोबाइट, त्या वेगाने 80 मिनिटांची सीडी भरायला 80 मिनिटं लागतात. 52 चा वेग पूर्ण मिळतो तो फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला, तरी अशा ड्राइव्हने तीन मिनिटांच्या आसपास काम संपवायला हवं. माझा ड्राइव्ह जेमतेम 16 च्या वेगाने चालत होता. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "नवीन आहे, रुळेल." मी मानलं. नऊच्या नऊ सीड्या भरल्या, घरच्या संगणकावर लावून ऐकल्या, छान वाजल्या. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात लावून पाहिल्या नाहीत.

26 जुलै 2005 ला चिपळुणात पाणी शिरलं. आम्ही संगणक माळ्यावर नेला, सीड्यांचा डबा नेला. कॅसेटची ट्रंक खालीच राहिली. आई म्हणाली होती, "अरे, ती ट्रंक?" मी म्हटलं, "राहू दे, सगळं सीडीवर आहे."

दिवाळीत मावशीकडच्या प्लेअरमध्ये पहिली सीडी घातली, ती उघडलीच नाही. दुसरी अडखळत चालली आणि थांबली. घरच्या ड्राइव्हवरही तोवर निम्म्या सीड्या वाचल्या जात नव्हत्या. गावातल्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. तेव्हा संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर ड्राइव्हचं नाव उमटायचं, त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, पुढच्या पट्टीवर एक नाव आहे आणि हा स्वतःचं नाव दुसरंच सांगतोय." ड्राइव्ह बाहेर काढला. वरचं लेबल खरवडलेलं होतं, डिंकाचा डाग राहिला होता. पुढची पट्टी नुसत्या खाचांवर बसते. ती एका बाजूने कानस मारून बसवलेली होती. आत होता दुसऱ्याच स्वस्त कंपनीचा जुना, वापरलेला ड्राइव्ह. त्याच्या थकलेल्या लेझरने त्या हलक्या सीड्यांवर जे लिहिलं, ते सुरुवातीपासूनच काठावरचं असणार.

दुकानात गेलो, बिल दाखवलं. "यात कंपनीचं नाव कुठे आहे?" त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग महाग ड्राइव्ह घ्यावा का? त्यानंतर मी यावर बरंच वाचलं, पुण्याच्या एका मित्राकडचा अस्सल ड्राइव्हही वापरून पाहिला. चांगला होता. ओरखडलेली सीडी तो शांतपणे वाचायचा, आणि लिहिलेल्या सीडीतल्या चुका मोजून दाखवायचा. ज्याला रोज ढिगाने सीड्या काढायच्या आहेत त्याला ते पैसे वसूल होतात. पण माझ्या नऊ कॅसेटसाठी साधा, नवा, अडीच हजारांचा ड्राइव्ह पुरेसा होता. लिहिताना संगणक अडखळला की सीडी फुकट जायची, ती भीतीसुद्धा 2003 पर्यंत साध्या ड्राइव्हमधून गेली होती. शिवाय कित्येक ब्रँड स्वतः ड्राइव्ह बनवतच नाहीत, दुसऱ्याच्या कारखान्यातून घेऊन आपली पट्टी लावतात. वाचलेले पैसे मी चांगल्या ब्लँक सीड्यांवर घालायला हवे होते. लेझर जे लिहितो ते सीडीतल्या रंगाच्या पातळ थरावर, आणि तो थरच हलका असेल तर कोणत्याही ड्राइव्हचं नाव कामाला येत नाही.

आजही जुन्या सीड्या उतरवायला लोक "जुना स्टॉक, अस्सल कंपनी" म्हणून असे ड्राइव्ह चढ्या भावाने घेताना दिसतात. कृपा करून पैसे देण्याआधी ड्राइव्ह संगणकाला जोडायला लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, त्याचं नाव वाचा. ते नाव ड्राइव्ह स्वतः सांगतो, पट्टी बदलून ते बदलत नाही. बिलावर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर उठून या. भरलेली सीडी दुसऱ्याच्या यंत्रात वाजवून बघा. आणि मूळ कॅसेट, मूळ फोटो टाकू नका, कितीही प्रती झाल्या तरी.

मित्राच्या त्या ड्राइव्हने नऊ सीड्यांमधून सगळं मिळून चाळीसेक मिनिटं परत काढून दिली. ती आता तीन ठिकाणी ठेवली आहेत. लग्नाच्या ओव्या त्यात नाहीत. त्या आईला थोड्याशा पाठ आहेत, तेवढ्या मी तिच्याकडून भरून घेतो आहे.